सांधेरोपणात जायचं ठरवण्याआधी

पत्र:

मॅडम, मी ऑर्थोपेडिक्सची शेवटच्या वर्षाची रेसिडेंट आहे. पहिल्या वर्षापासून मला हिप आणि नी रिप्लेसमेंटच करायचं आहे. पण युनिटमधले सिनिअर सर म्हणतात, 'तुझ्या उंचीला आणि मनगटाला हे झेपणार नाही, हँड सर्जरी बघ.' बॅचमेट म्हणतो, एकच ऑपरेशन तीस वर्षं करून वेड लागेल, शिवाय आता रोबोट आलाय, तुझी गरजच काय? मला दोन फेलोशिप मिळाल्या आहेत. एक मोठ्या नावाच्या सेंटरमध्ये आहे. तिथे रोज आठ-दहा जॉइंट होतात आणि रोबोटही आहे, पण तिथून आलेला एक जण सांगतो की वर्षभर रिट्रॅक्टरच (जखम उघडी धरायचं हत्यार) धरला. दुसरी एका लहान युनिटमध्ये आहे. आठवड्याला सात-आठ केसेस, त्यात रिव्हिजन (आधी बसवलेला सांधा काढून पुन्हा बसवणं) आणि इन्फेक्शनच्या बऱ्याच. त्या युनिटचं नाव माझ्या ओळखीत कोणी ऐकलेलं नाही. तीन आठवड्यांत कळवायचं आहे.

आणखी एक. सहा महिन्यांपूर्वी गुडघा बदललेल्या एक बाई मागच्या महिन्यात ओपीडीत आल्या होत्या. एक्स-रे पुस्तकात छापावा असा. पण त्या म्हणत होत्या, 'हा गुडघा माझा वाटतच नाही, दुखतोय तसाच दुखतोय.' सरांनी एक्स-रे बघून 'सगळं उत्तम आहे' सांगितलं आणि त्या गेल्या. तेव्हापासून माझंच मन लागत नाहीये. मी चुकीच्या गोष्टीमागे लागले आहे का?

— एक रेसिडेंट

उत्तर:

दुसरी फेलोशिप घे. एवढंच हवं असेल तर इथे थांबलीस तरी चालेल. पण 'आणखी एक' म्हणून तू शेवटी जे जोडलंयस, ते मला बाकी पत्रापेक्षा मोलाचं वाटलं, म्हणून आधी त्या बाईंबद्दल बोलते.

टोटल नी रिप्लेसमेंट झालेल्या साधारण पाचातल्या एका पेशंटचं समाधान झालेलं नसतं. कोणी विचारलं, कसं विचारलं यावर आकडा थोडा खाली-वर होतो, पण फार नाही. हिपचे पेशंट बरेचदा काही आठवड्यांत खुशीत चालत येतात आणि ऑपरेशन कुठल्या बाजूचं झालं हे सांगायला त्यांना क्षणभर थांबावं लागतं. गुडघा एवढी मेहेरबानी करत नाही. तेव्हा त्या बाई काही अपवाद नाहीत. या वाटेला आलीस तर त्या तुझ्या ओपीडीत येत राहणार आहेत, दर वेळी नाव वेगळं असेल एवढंच.

'एक्स-रे उत्तम आहे' हे वाक्य खरं असू शकतं आणि तरी पेशंटच्या काही कामाचं नसतं. फेमोरल कॉम्पोनंट, म्हणजे मांडीच्या हाडावर बसवलेला भाग, आतल्या बाजूला फिरून बसलाय का, हे साध्या एक्स-रेवर नीट कळत नाही, त्याला सीटी लागतो. गुडघा सरळ असताना घट्ट आहे आणि तीस-चाळीस अंश वाकवल्यावर ढिला पडतोय का, हे हातानेच बघावं लागतं. पेशंट त्याला ढिलेपणा म्हणणार नाही, 'जिना उतरताना भरवसा वाटत नाही' म्हणेल. दबून राहिलेलं इन्फेक्शन एक्स-रेवर कित्येक महिने काहीच दाखवत नाही. तिथे ईएसआर, सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या आणि शंका आली तर सांध्यातलं पाणी काढून तपासणं, हाच रस्ता. कोणी 'बघू या' म्हणून आधीच अँटिबायोटिक सुरू केलं असेल तर तोही रस्ता अर्धा बंद होतो. आणि सगळ्यात सोपी, सगळ्यात जास्त विसरली जाणारी तपासणी म्हणजे त्याच बाजूचा हिप फिरवून बघणं. हिपचं दुखणं गुडघ्यात जाणवतं हे आपण पहिल्या वर्षाला पाठ करतो आणि गुडघ्यावर टाक्यांची रेघ दिसली की विसरून जातो. कमरेतल्या दबलेल्या नसेचंही तेच.

यातलं काहीच सापडलं नाही तर ऑपरेशनच्या आधीचा एक्स-रे शोधून काढ. मला तर या केसमध्ये तोच जास्त बघायचा आहे. हाडाला हाड घासत असलेला गुडघा बदलला असेल तर पेशंट खूश होण्याची शक्यता चांगली. सांध्यात बरीच फट शिल्लक होती, दुखणं मात्र खूप होतं आणि ते दुखणं नेमकं कुठून येतंय याचा तपास न करता सांधा बदलला, तर असमाधानाची शक्यता वाढते. म्हणजे काही चुकलंच असेल तर ते कदाचित ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, चुकलेलं नाही, ऑपरेशनची तारीख दिली त्या दिवशीच चुकलंय. ही गोष्ट ओटीत उभं राहून कोणी शिकवत नाही.

त्या बाईंना परत बोलाव. सहा महिने म्हणजे गुडघ्याचा शेवट नव्हे. पहिल्या वर्षभर सुधारणा होत राहते, हे त्यांना कोणीतरी खुर्चीवर बसून सांगायला हवं. आणि कोणी उत्साहात 'उघडून बघू' म्हणालं तर सांग की कारण सापडल्याशिवाय रिव्हिजन करायची नाही. कारण न कळता केलेल्या रिव्हिजनचा निकाल बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा वाईटच लागतो.

तुझ्या पत्रात ओटीची वर्णनं भरपूर असती आणि या बाई नसत्या, तर मी सरांचीच री ओढली असती आणि तुला हँडकडे पाठवलं असतं.

सांधेरोपणाचं करिअर म्हणजे काय, हे समजून घ्यायला जॉन चार्नलींपेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलात त्यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी हिपच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरायला सुरुवात केली. पहिले निकाल थक्क करणारे होते. वर्षानुवर्षं खिळून राहिलेली माणसं चालू लागली. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, झिजेच्या कणांनी भोवतालच्या भागात दाह सुरू केला आणि सांधे खिळखिळे होत गेले. तोवर सुमारे ३०० पेशंट झाले होते. चार्नलींनी ते दुसऱ्याच्या गळ्यात घातले नाहीत, रिव्हिजनची जबाबदारी स्वतःवर घेतली. टेफ्लॉनचा शरीरावर काय परिणाम होतो हे बघायला त्याचे कण त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतले होते.

पुढचा भाग मला फार आवडतो. १९६२ मध्ये त्यांच्या वर्कशॉपमधल्या हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञाने एका विक्रेत्याकडून आलेला पॉलिएथिलीनचा तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. चार्नलींना त्यात काही दम वाटला नव्हता. यंत्र मात्र चालू राहिलं आणि दिवसांमागून दिवस गेले तरी झीज नगण्य निघाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॉलिएथिलीनची पहिली वाटी पेशंटमध्ये बसली. आधीच्या अनुभवाने पोळलेल्या चार्नलींनी आपला हिप लगेच बाजारात जाऊ दिला नाही. नंतरही सुरुवातीला तो फक्त राइटिंग्टनला येऊन शिकून गेलेल्या सर्जनला मिळायचा. मृत्यूनंतर सांधा काढून तपासू देण्याची परवानगी ते पेशंटकडून हयातीतच घेऊन ठेवत. ओटीतली हवा स्वच्छ करण्यावर त्यांनी जी खटपट केली तिने इन्फेक्शन ७ टक्क्यांच्या आसपासवरून १ टक्क्याच्या खाली आलं. आज आपण लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेचा एकसंध झोत) आणि डोक्यावरची हुड गृहीत धरतो ती इथून आली.

या सगळ्यात प्रत्यक्ष ऑपरेशनचा भाग किती? तास-दीड तास. बाकीचं सगळं आधीचं आणि नंतरचं. २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून केलेलं एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात २५ वर्षांनी टोटल हिपपैकी साधारण ५८ टक्के आणि टोटल नीपैकी साधारण ८२ टक्के टिकलेले दिसले. अर्थात हे जुन्या काळात बसवलेले सांधे. १९९० च्या दशकाच्या शेवटी क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन आलं आणि हिपची झीज बरीच कमी झाली, तेव्हा पुढचे आकडे याहून बरे येतील. तरी हिशेब बघ. तू पस्तिशीत बसवलेला सांधा तू साठीला आलीस तरी कोणाच्या तरी पायात असेल आणि तो करकरायला लागला की ते माणूस तुझंच नाव सांगत येईल. ट्रॉमात हाड जुळलं की पेशंट सुटतो, तूही सुटतेस. इथे सुटका नाही. हे तुला ओझं वाटतं की बरं वाटतं, एवढा एकच प्रश्न तू स्वतःला विचारायचा आहेस. बाकीचे सगळे प्रश्न फुटकळ आहेत, मनगटाचा धरून.

आता मनगटाचं बघू.

सांधेरोपणात जोर लागतो हे खोटं नाही. पण जिथे फार जोर लागतोय तिथे बहुतेक वेळा आधीचं काहीतरी चुकलेलं असतं. दोन असिस्टंट घामाघूम होऊन ओढतायत आणि तरी ॲसेटाब्युलम, म्हणजे हिपची खोबण, दिसत नाही, म्हणजे कॅप्सूल पुरेशी सोडवलेली नाही किंवा होमन रिट्रॅक्टरचं टोक हाडावर टेकलेलंच नाही. आखडलेला हिप निखळत नाही म्हणून पाय पिळत राहिलं की फीमर, म्हणजे मांडीचं हाड, मोडते. तिथे शहाणा सर्जन फीमरची मान जागेवरच कापतो आणि हेड, म्हणजे वरचा गोळा, नंतर काढतो. रीमर, म्हणजे खोबण खरवडायचं हत्यार, कापत नसेल तर तो बोथट आहे, तुझा दंड नव्हे. टेबल तुझ्या कोपरापर्यंत खाली घ्यायचं आणि तेवढं खाली जात नसेल तर पायाखाली स्टूल घ्यायचं. मी आजही घेते. पहिल्या महिन्यात लोक हसतात, नंतर सिस्टर न सांगता आणून ठेवते.

आणि ब्रोच, म्हणजे फीमरमध्ये जागा करणारी कानस, मारताना तर जास्त ताकद हीच भीती असते. सिमेंट न वापरता स्टेम, म्हणजे हाडाच्या पोकळीत जाणारा दांडा, बसवायचा असेल तेव्हा कान दे. ब्रोच अजून आत सरकत असतो तोवर हातोड्याचा आवाज बसका येतो. तो हाडात घट्ट बसला की आवाज एकदम वरच्या पट्टीत जातो, खणखणीत होतो आणि पुढच्या दोन फटक्यांत ब्रोच जागचा हलत नाही. तिथे थांबायचं. तिथेच ज्याला आपला दंड आठवतो त्याच्या हातून कॅल्कार, म्हणजे मानेच्या बुडाचं हाड, तडकतं आणि मग वायर घालण्यात अर्धा तास जातो. सरांचा पुढचा अनसिमेंटेड हिप असेल तेव्हा हा आवाज ऐक.

ऑर्थोत बायका कमी आहेत आणि हिप-नीमध्ये आणखी कमी, हे खरंच आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्स १९३३ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्यात एकही स्त्री नव्हती. १९३७ मध्ये रूथ जॅक्सन बोर्डाची परीक्षा पास झाल्या आणि त्यानंतर त्यांना सभासद करून घ्यावंच लागलं. त्यांच्याही मनगटाची चर्चा झालीच असेल. सरांशी वाद घालू नकोस. 'पुढची केस मी करते, तुम्ही समोर उभे राहा, कुठे जोर कमी पडला ते सांगा,' एवढंच म्हण. नाही म्हणाले तर त्यांचं कारण मनगट नव्हतं, हे तरी कळेल.

शरीराची काळजी मात्र खरीच घ्यावी लागते. या कामात मान, खांदे आणि कंबर लवकर बोलायला लागतात, पुरुषांचीही. व्यायाम आत्तापासून लाव. मूल हवं असेल तर दोन गोष्टी आधीच माहीत असू देत. सिमेंट बंद भांड्यात व्हॅक्यूमखाली मिसळलं की त्याची वाफ फारशी बाहेर येत नाही, तसा आग्रह धर. आणि सी-आर्मचा, म्हणजे ओटीतल्या एक्स-रे यंत्राचा, वापर ट्रॉमाच्या मानाने इथे बराच कमी असतो, काही जण हिप पुढच्या बाजूने करताना घेतात तेवढा सोडला तर. गरोदरपणाच्या सुट्टीने करिअर बुडतं असं सांगणारे भेटतील. पेशंट दहा वर्षं दुखणं सहन करून येतो, तो सहा महिने थांबू शकतो.

कंटाळ्याबद्दल तुझा बॅचमेट अर्धा बरोबर आहे. सकाळपासूनचा चौथा साधा व्हेरस (बाहेर बाकलेला) गुडघा करताना मलाही काही दिवशी कंटाळा येतो, लपवत नाही. पण पेशंटला नेमका तो कंटाळलेला हात हवा असतो. तीच मांडणी, तोच क्रम, तीच सिस्टर आणि सिमेंट ग्लोव्हला चिकटायचं थांबेपर्यंत घड्याळाकडे न बघता कळणारी वेळ. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षाला ३५ पेक्षा कमी हिप करणाऱ्या सर्जनच्या पेशंटमध्ये सांधा निखळणं आणि लवकर रिव्हिजन करावी लागणं जास्त दिसलं. तेव्हा पुनरावृत्ती हा या कामाचा दोष नाही, ती त्याची अट आहे. शिवाय व्हॅल्गस (आत वळलेला) गुडघा आला, आधी ऑस्टिऑटमी (हाड कापून सरळ करणं) झालेला आला, जन्मापासून निखळलेला हिप चाळिशीत आला, की कंटाळा कुठल्या कुठे जातो. अशा केसच्या आदल्या रात्री मी एक्स-रेवर टेम्प्लेट दोनदा ठेवून बघते आणि तरी ओटीत एक साइझ लहान आणि एक मोठा मागवून ठेवते.

रोबोटवर फार लिहीत नाही. हिपसाठी माणसावर रोबोट पहिल्यांदा १९९२ मध्ये वापरला गेला, म्हणजे तो 'आता आलाय' असंही नाही. हाडाचा काप तो ठरवलेल्या जागी फार अचूक घेतो, यात शंका नाही. पण काप कुठे घ्यायचा हे त्याला कोणी सांगायचं? पाय यंत्रासारखा सरळ करायचा की पेशंटचा मूळचा बाक सांभाळायचा, यावर आपल्यातलेच मोठे लोक अजून भांडतायत. हिपच्या वाटीसाठी १९७८ पासून आपण ४० अंशांचा कल आणि १५ अंशांचं अँटिव्हर्जन (पुढे वळणं), दोन्हीकडे १० अंशांची सूट, हा 'सेफ झोन' घोकतोय. आणि निखळणारे कित्येक हिप त्या झोनच्या आतच बसवलेले असतात, कारण त्या पेशंटची कंबर ताठ असते आणि तो बसला की ओटीपोटाचं हाड जसं वळायला हवं तसं वळत नाही. अचूकपणा आणि शहाणपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोबोट जरूर शिक, पण हाताने करता आल्यानंतर. हाडात बसवलेली ट्रॅकरची पिन मध्येच हलली आणि स्क्रीन काहीबाही सांगायला लागला, तर ऑपरेशन तिथे थांबत नाही. तुला जिग, म्हणजे हाताने काप घ्यायचा साचा, मागवून पुढे जाता आलं पाहिजे.

यातूनच फेलोशिपचं उत्तर निघतं. रोज आठ-दहा जॉइंट होणारं सेंटर वाईट असं मी म्हणत नाही. तिथे ओटी कशी चालवावी, भूल दिल्यापासून ड्रेसिंगपर्यंत वेळ कुठे वाया जातो, हे बघायला मिळतं आणि ते पुढे उपयोगी पडतं. पण ते बघायला वर्ष लागत नाही, महिना पुरतो. आठवड्याला सात-आठ केसेस म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर. त्यातल्या निम्म्या जरी तुझ्या हातून झाल्या तरी तू त्या मोठ्या सेंटरच्या फेलोपेक्षा कितीतरी पुढे असशील.

आणि रिव्हिजन. दुसऱ्याने बसवलेला सांधा काढताना पहिला कसा बसवायला हवा होता ते जसं कळतं, तसं कुठल्याही प्रायमरीत, म्हणजे पहिल्यांदा होणाऱ्या रोपणात, कळत नाही. घट्ट बसलेला स्टेम निघत नाही म्हणून ट्रोकँटरची, म्हणजे फीमरच्या वरच्या उंचवट्याची, लांब झडप उघडायची, खालचं सिमेंट तुकड्या-तुकड्याने काढायचं आणि खाली फीमर पापुद्र्याएवढी उरलीये हे हाताला जाणवत असतं. अशा चार-पाच केसेस झाल्या की प्रायमरीत सिमेंट कुठवर जाऊ द्यायचं हे कोणी सांगावं लागत नाही. इन्फेक्शनच्या केसेस तर आवर्जून कर. वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक वेळी वेगळ्या स्वच्छ हत्याराने पाच-सहा नमुने घ्यायचे. सगळं काढून अँटिबायोटिक सिमेंटचा स्पेसर, म्हणजे तात्पुरता ठोकळा, ठेवायचा. मग कित्येक आठवडे सांधा नसलेल्या पेशंटला रोज राउंडला भेटायचं. त्याचा धीर सुटतो, नातेवाईक तुझ्याकडे संशयाने बघतात आणि दुसरा टप्पा कधी करायचा याचं छातीठोक उत्तर कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं. प्रायमरीनंतर इन्फेक्शन होण्याचं प्रमाण एक-दोन टक्के आहे, म्हणजे शंभर सांधे केलेस की हे तुझ्याही दारात येणार. तेव्हा पहिल्यांदा बघत असू नयेस एवढंच.

लहान युनिटला हो म्हणण्याआधी आत्ता तिथे असलेल्या फेलोला फोन कर, प्रमुखांना नको. त्याच्या लॉगबुकात स्वतः केलेल्या केसेस किती, त्यात साध्या प्रायमरी किती, हे विचार. सगळ्याच केसेस गुंतागुंतीच्या असतील तर तुझा हात प्रायमरीवर बसणार नाही, तो उलटा धोका आहे. आणि फॉलोअप ओपीडीत फेलो बसतो का, हे विचार. बसत नसेल, किंवा लॉगबुकात त्याच्या नावावर फारसं काही नसेल, तर माझं पहिलं वाक्य मागे घेते आणि तू तिसरी जागा शोध.

फेलोशिपनंतरची पहिली दोन-तीन वर्षं लोकांना वाटतं तशी नसतात. हिप-नीचा पेशंट घाईत नसतो, तो चार ठिकाणी विचारून केस पिकलेल्या डॉक्टरकडे जातो. म्हणून ट्रॉमा सोडू नकोस. म्हाताऱ्या माणसांच्या नेक फीमरच्या, म्हणजे फीमरची मान मोडलेल्या, केसेस रात्री-अपरात्री तुझ्याकडेच येतील आणि त्यांचं हेमी (अर्धा सांधा) किंवा टोटल (पूर्ण सांधा) वेळेत, नीट आणि फिजिशियनला बरोबर घेऊन करणं हेही सांधेरोपणच आहे, थोडं कमी दिमाखाचं. बसवलेल्या सांध्याभोवती हाड मोडून येणारे पेशंटही वाढत चाललेत. त्याला प्लेट आणि स्टेम दोन्ही जमणारा हात लागतो आणि निव्वळ जॉइंट करणाऱ्यांना प्लेट लावायचं विसरायला झालेलं असतं.

एक वही पहिल्या केसपासून ठेव. इम्प्लांट, साइझ, लॉट नंबर, पेशंटचा फोन आणि दर वर्षी एक फोन. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद १९७५ मध्ये आणि हिपची १९७९ मध्ये सुरू केली. कुठला सांधा टिकतो आणि कुठला नाही हे आपल्याला आज जे कळतं त्यातलं पुष्कळसं अशा नोंदींमुळे. २०१० मध्ये मेटल-ऑन-मेटल (धातूवर धातू फिरणाऱ्या) हिपचं एक मॉडेल जगभरातून परत बोलावलं गेलं, तोवर ते ९० हजारांहून जास्त पेशंटमध्ये बसलेलं होतं. ते चांगलं चालत नाही हे नोंदींत दिसायला लागलं होतं. ज्यांच्याकडे वही होती त्यांनी आपले पेशंट आठवड्याभरात शोधून बोलावले. कंपनीचा माणूस नवं मॉडेल घेऊन येईल, ब्रोशर गुळगुळीत असेल, परिषदेचं निमंत्रणही असेल. दहा वर्षांची नोंद दाखव म्हण आणि चहा पाजून पाठव.

शेवटचं, त्या मोठ्या सेंटरला नकार कसा द्यायचा. ईमेल नको, फोन कर आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी नको, या आठवड्यातच, म्हणजे यादीतल्या पुढच्या मुलाला जागा मिळेल. कारण खरं सांग: रिव्हिजन शिकायच्या आहेत. आणि त्याच फोनवर, फेलोशिप संपल्यावर महिनाभर ऑब्झर्व्हर म्हणून यायला चालेल का ते विचारून घे. बहुतेक हो म्हणतील. रोबोट तेव्हा बघ.